मोटरहोमच्या बॉनेटखाली अनोळखी डबा दिसला तर: ओळख पटवायची पद्धत

सेकंडहँड मोटरहोम घरी आलं की पहिल्या काही दिवसांत कधीतरी बॉनेट उघडलं जातं. रेडिएटर ओळखता येतो, बॅटरी ओळखता येते, ब्रेक ऑइलची बाटली ओळखता येते. आणि मग बाजूच्या पत्र्यावर स्क्रूने बसवलेलं काहीतरी दिसतं, ज्याच्यातून अंगठ्याएवढ्या जाड वायरी निघून मागे कुठेतरी गडप झालेल्या असतात. मॅन्युअलमध्ये त्याचं चित्र नसतं. विकणाऱ्याला विचारावं तर तो म्हणतो, ‘मी घेतली तेव्हापासून आहे ते.’

हा लेख अमेरिकेत क्लास सी मोटरहोम घेतलेल्या आपल्या लोकांसाठी आहे. क्लास सी म्हणजे पुढे व्हॅनचं तोंड, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग आणि मागे घर. यातल्या बहुसंख्य गाड्या फोर्डच्या ई-३५० किंवा ई-४५० सांगाड्यावर उभ्या असतात, आणि १९९७ पासून पुढे बरीच वर्षं त्यांत ६.८ लिटरचं व्ही-१० पेट्रोल इंजिन यायचं. मी त्याच गाडीबद्दल बोलतो आहे. तुमची शेव्हर्लेवर बांधलेली असेल तर तपशील बदलतील, पद्धत तीच.

एक गोष्ट आधी समजून घ्या, म्हणजे अर्धा गोंधळ मिटेल. मोटरहोम एका कारखान्यात जन्मत नाही. फोर्ड फक्त पुढची केबिन, इंजिन आणि उघडा सांगाडा विकते. घर बांधणारी कंपनी तो घेऊन वर खोल्या, टाक्या, जनरेटर, बॅटऱ्या चढवते आणि त्यासाठी फोर्डच्या बॉनेटखाली स्वतःच्या वस्तू बसवते. त्यानंतर येतात आधीचे मालक. कुणी सोलर लावलं, कुणी मागे छोटी कार ओढायची सोय केली. म्हणजे तुमच्या बॉनेटखाली तीन जणांचे हात लागले आहेत आणि फोर्डचं मॅन्युअल त्यातल्या एकालाच ओळखतं. म्हणून ‘हे काय आहे?’ या प्रश्नाआधी ‘हे कुणी बसवलं?’ असं विचारायचं. त्याचं उत्तर मिळालं की कुठल्या कागदात शोधायचं ते कळतं.

जवळ काय हवं

कागद:
- गाडीचं टायटल (मालकीचा कागद) किंवा विम्याचा कागद, ज्यावर १७ अक्षरी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, असतो
- फोर्डचं मालकाचं मॅन्युअल
- घर बांधणाऱ्या कंपनीची कागदांची पिशवी (फ्रिज, हीटर, उभी गाडी समतल करणारे लेव्हलिंग जॅक यांची छोटी पुस्तकं तिच्यात असतात)
- आधीच्या मालकाची दुरुस्तीची बिलं, मिळाली तर. विकत घेतानाच मागून घ्या, नंतर कुणी फोन उचलत नाही.

हत्यारं:
- डोक्याला लावायचा टॉर्च आणि चांगला कॅमेरा असलेला फोन
- दांड्यावरचा छोटा आरसा
- साधा डिजिटल मल्टिमीटर
- ८, १० आणि १३ मिलिमीटरचे पाने, शिवाय अर्ध्या इंचाचा एक. फोर्डचे नट मिलिमीटरमध्ये असतात, घरवाल्यांचे (म्हणजे घर बांधणाऱ्या कंपनीचे) पुष्कळदा इंचात.
- चौकोनी टोकाचा स्क्रूड्रायव्हर. घराकडचे स्क्रू चौकोनी खाचेचे असतात, आपल्या नेहमीच्या संचात हे टोक नसतं.
- मास्किंग टेप, मार्कर, जुना टूथब्रश, खडू

## १. गाडीची कुंडली मांडा

व्हीआयएन ड्रायव्हरच्या बाजूला काचेतून डॅशवर दिसतो. त्यात दोन जागा महत्त्वाच्या. आठवं अक्षर इंजिन सांगतं: ई-४५० वर ते ‘एस’ असेल तर जुना, दोन व्हॉल्व्हचा व्ही-१०, ‘एफ’ असेल तर ७.३ लिटरचं डिझेल. दहावं अक्षर सांगाड्याचं मॉडेल वर्ष सांगतं: ३ म्हणजे २००३, ए म्हणजे २०१०.

इथे नवे लोक हमखास फसतात. टायटलवरचं वर्ष घराचं असू शकतं आणि सांगाडा त्याच्या आदल्या वर्षाचा. २००५ चं म्हणून घेतलेल्या मोटरहोमचा सांगाडा २००४ चा असणं अगदी नेहमीचं आहे. इंजिनचा कुठलाही भाग शोधताना सांगाड्याचं वर्ष सांगा, फ्रिज किंवा पंपाच्या वेळी घराचं. घराचा स्वतंत्र सीरियल नंबर बहुधा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर किंवा बाहेर पुढच्या कोपऱ्यातल्या पट्टीवर असतो. दोन्ही नंबरांचे फोटो काढून ठेवा.

## २. वीज सगळ्या बाजूंनी तोडा

साध्या कारमध्ये बॅटरीची निगेटिव्ह काढली की काम झालं. मोटरहोममध्ये तसं नाही, आणि या लेखातली सगळ्यात गंभीर सूचना हीच आहे. इंजिनची बॅटरी सोडवली तरी बॉनेटखालच्या काही बोल्टांवर वीज जिवंत राहते, कारण ती मागच्या घराच्या बॅटरीतून येते. घराची बॅटरी सोडवली तरी कॅम्पग्राउंडची वायर लावलेली असेल तर कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेवर घराची बॅटरी चार्ज करणारा डबा) वीज पाठवत राहतो. छतावर सोलर असेल तर तोही पाठवतो. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक बिनधास्त असतात, पण पाना चुकून पॉझिटिव्ह बोल्ट आणि पत्र्याच्या मध्ये आला तर तो वितळेपर्यंत प्रवाह वाहतो.

क्रम असा ठेवा:

- सपाट जागा, हँडब्रेक, चाकाला उटी. इंजिन पूर्ण थंड.
- बाहेरची वीज काढा, जनरेटर बंद, इन्व्हर्टर बंद, गॅसच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद.
- सोलर असेल तर पॅनेलची वायर कंट्रोलरपासून आधी तोडा, बॅटरी त्यानंतर.
- घराच्या बॅटऱ्यांची निगेटिव्ह काढा. त्या बऱ्याच गाड्यांत दारातल्या पायरीखाली असतात.
- इंजिनच्या बॅटरीची निगेटिव्ह काढा.
- अंगठी, कडं, बांगड्या, लोंबणारं मंगळसूत्र आधीच घरात ठेवून या.

दाराजवळचं ‘बॅटरी डिस्कनेक्ट’ बटण दाबलं म्हणजे झालं असं समजू नका. पुष्कळ गाड्यांत ते फक्त दिवे आणि पंपाची वीज तोडतं. बॅटरीकडून बॉनेटकडे जाणारी जाड केबल तशीच जिवंत असते. शेवटी मल्टिमीटर लावून संशयित डब्याच्या प्रत्येक बोल्टावर शून्य दिसतंय ना ते पाहा.

इंजिनची बॅटरी काढल्यामुळे रेडिओची स्टेशनं जातील आणि पुढचे काही मैल गिअर थोडे वेगळे पडल्यासारखे वाटतील. संगणक पुन्हा शिकत असतो, त्यात बिघाड काही नाही.

## ३. फोटो आधी, हात नंतर

काहीही हलवण्याआधी लांबून एक फोटो, ज्यात तो भाग आणि ओळखीचं काहीतरी (बॅटरी, एअर फिल्टर) एकत्र दिसेल. मग जवळून चारही बाजूंनी. मागची बाजू दिसत नसेल तर फोन आत घालून व्हिडिओ घ्या. लोक फक्त जवळचा, धूसर फोटो काढतात आणि मग जगात कुणालाच कळत नाही की हे गाडीत नेमकं कुठे आहे.

ई-मालिकेत बॉनेट उघडल्यावर इंजिनचा पुढचा भागच दिसतो. उरलेलं इंजिन केबिनमध्ये, दोन सीटांच्या मध्ये असलेल्या मोठ्या कव्हरखाली आहे. ते कव्हर बोल्ट आणि क्लॅम्प सोडवून निघतं, जड आणि अडचणीचं असतं, दोघांनी काढा. तुमचा भाग मागच्या बाजूला असेल तर वरून वाकून पाठ मोडून घेण्यापेक्षा आतून बघणं सोपं.

## ४. फोर्डचा, घरवाल्याचा की आधीच्या मालकाचा?

भाग न काढता हे ठरवता येतं. त्याची बसवणूक बघायची.

फोर्डचं काम: पत्र्यात आधीपासून असलेल्या भोकात बोल्ट, बोल्टाच्या डोक्याखाली पसरट कडा, वायरी काळ्या नालीदार नळीत, शेवटी साच्यात घडवलेलं प्लास्टिकचं कनेक्टर जे खाच दाबल्याशिवाय सुटत नाही. वायरींवर दोन रंग, म्हणजे मूळ रंग आणि त्यावर बारीक रेघ.

घरवाल्याचं काम: पत्रा स्वतःच भोसकत जाणारे स्क्रू, वायरीच्या टोकाला गोल कडीची टर्मिनलं, निळे-पिवळे दाबून बसवलेले जोड. वायर पुसून पाहा. बऱ्याचदा तिच्यावर दर काही इंचांवर ती कशाची आहे ते छापलेलं असतं किंवा नंबर असतो. कितीतरी कोडी या एका गोष्टीवर सुटतात आणि कुणी बघत नाही, कारण वायरीवर मातीचा थर असतो.

आधीच्या मालकाचं काम: इन्सुलेशन टेप, झिप टाय, घरगुती वापराचे वायर नट, आणि एकच लाल वायर सगळीकडे. इथे कुठल्याही कागदात उत्तर नसणार. वायरीच्या मागे चालत जाणं हाच मार्ग.

रंगांबद्दल एक इशारा. फोर्डच्या बाजूला काळी वायर म्हणजे अर्थ. घराच्या १२ व्होल्टच्या बाजूला पुष्कळदा काळी म्हणजे पॉझिटिव्ह आणि पांढरी म्हणजे निगेटिव्ह! बॉनेटखाली या दोन्ही पद्धती एकाच पत्र्यावर येऊन भेटतात. त्यात भारतातल्या घरच्या वायरिंगवर हात बसलेल्या माणसाला काळी म्हणजे न्यूट्रल अशी सवय असते. रंग बघून अंदाज बांधा, पण विश्वास मीटरवरच ठेवा.

## ५. वायरी आणि नळ्या कुठे जातात?

भाग स्वतः फार काही सांगत नाही. त्याला काय जोडलेलं आहे ते सांगतं. प्रत्येक वायरीला टेपचं लेबल लावा (१, २, ३) आणि एकेक करून दुसरं टोक गाठा.

- जाड केबल (बोटाएवढी): बॅटरी, स्टार्टर, अल्टरनेटर किंवा मोठी मोटर. या चारपैकी कुठे गेली त्यावर उत्तर ठरतं.
- बारीक वायर: चालू-बंद करणारा इशारा. बहुधा डॅशवरच्या बटणाकडे किंवा फ्यूज बॉक्सकडे.
- जाड रबरी नळी, क्लॅम्प लावलेली: इंजिनचं गरम पाणी.
- पेन्सिलएवढी प्लास्टिकची नळी: व्हॅक्यूम, किंवा पेट्रोलच्या वाफेची.
- धातूची नळी: ब्रेक, पेट्रोल, एसी किंवा गिअरबॉक्सचं ऑइल. हिला हात न लावता फक्त नजरेने पुढे जा.

वायर कार्पेटखाली किंवा सांगाड्याच्या आत शिरली की माग तुटतो. तेव्हा मीटर कंटिन्युइटीवर (वायर अखंड आहे का ते दाखवणाऱ्या सेटिंगवर) ठेवा, लांब जोडवायर घ्या आणि तुम्हाला संशय आहे त्या मागच्या टोकाशी जुळतं का पाहा. हे फक्त वीज पूर्ण तोडलेली असतानाच.

## ६. नंबर वाचा

टूथब्रशने कोरडी धूळ झाडा. तेलकट असेल तर फडक्यावर थोडं अल्कोहोल घेऊन पुसा. फवारे मारू नका, छापलेली अक्षरं निघून जातात. धातूवर ठोकलेले आकडे दिसत नसतील तर खडू घासा किंवा टॉर्च अगदी आडवा धरून फोटो घ्या.

फोर्डच्या नंबराचे तीन तुकडे असतात. मधला तुकडा सांगतो तो भाग कोणता. ९सी७३५ म्हणजे क्रूझ कंट्रोलची मोटर, १२ए६५० म्हणजे इंजिनचा संगणक. पहिला तुकडा कुठल्या काळाचं डिझाइन ते सांगतो, शेवटचा कितवी सुधारणा ते. भागावर छापलेला नंबर आणि दुकानात विकला जाणारा नंबर पुष्कळदा जुळत नाहीत, म्हणून पूर्ण नंबर टाकून काही सापडलं नाही तर हताश होऊ नका. मधला तुकडा, गाडीचं नाव आणि सांगाड्याचं वर्ष टाकून शोधा.

फोन समोर धरून चित्रावरून शोधण्याची सोय आता सगळ्यांकडे आहे. ती वापरा, पण बॉनेटखाली एकसारखे दिसणारे आणि वेगळं काम करणारे भाग इतके आहेत की तिचं उत्तर फक्त अंदाज समजा. तीच गोष्ट नाशिकच्या मेकॅनिक मामांची. फोटो जरूर पाठवा, पण त्यांच्या आयुष्यात एका गाडीला एकच बॅटरी आलेली असते. जाड वायरींचा डबा बघून ते खात्रीने ‘स्टार्टरचा रिले’ म्हणतील, आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे.

## ७. तो जाड वायरींचा डबा

क्लास सी घेतलेल्या माणसाला ज्या भागाने सगळ्यात जास्त छळलेलं असतं, तो हा, म्हणून इथे थोडं थांबतो. आकार मुठीएवढा, धातूचा किंवा काळ्या प्लास्टिकचा गोल डबा. दोन जाड बोल्ट, त्यांवर जाड केबली. शेजारी एक किंवा दोन बारीक बोल्ट. हा बहुधा बॅटरी आयसोलेटरचा सोलेनॉइड, म्हणजे विजेने चालणारा मोठा स्विच, असतो.

काम सोपं आहे. इंजिन चालू असताना तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, म्हणजे अल्टरनेटर घराची बॅटरीही चार्ज करतो. इंजिन बंद झालं की तोडतो, म्हणजे रात्रभर पंखा-दिवे लावले तरी सकाळी गाडी सुरू होते. डॅशवर ‘ऑक्स स्टार्ट’, ‘बूस्ट’ किंवा ‘इमर्जन्सी स्टार्ट’ लिहिलेलं बटण असेल तर तेही यालाच जोडलेलं असतं. इंजिनची बॅटरी उतरली तर ते दाबून घराच्या बॅटरीवर गाडी सुरू करता येते.

ओळख पक्की करायची तर वीज पुन्हा जोडा. किल्ली बंद ठेवून एकाला ते बटण दाबायला सांगा आणि तुम्ही बॉनेटशी कान द्या. डब्यातून ‘खट्’ असा आवाज आला तर ओळख पटली. काही गाड्यांत बटणाला किल्ली चालू लागते, तेव्हा तसंही करून पाहा.

मग मीटर. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल एकेका जाड बोल्टावर:

- इंजिन बंद: दोन्ही आकडे थोडे वेगळे दिसायला हवेत, उदाहरणार्थ १२.६ आणि १२.३. दोन बॅटऱ्या वेगळ्या आहेत याचा तो पुरावा. बाहेरची वीज काढलेली असली पाहिजे, नाहीतर आकडे फसवे येतात.
- इंजिन चालू: दोन्ही बोल्टांवर १३.८ ते १४.४ च्या आसपास, आणि दोघांत जवळजवळ फरक नको. एकीकडे १४.२ आणि दुसरीकडे १२.३ असेल तर तो जोडत नाहीये.
- तसं असेल तर बारीक बोल्ट तपासा. तिथे इंजिन चालू असताना १२ पेक्षा जास्त व्होल्ट आणि अर्थ दोन्ही पोचतायत आणि तरी जोडत नसेल, तर डबा गेला. व्होल्ट पोचतच नसतील तर डबा निर्दोष आहे. फ्यूज किंवा वायर बघा. इथे नवा डबा आणून बसवण्यात लोक पैसे घालवतात.
- इंजिन बंद करून थोडं थांबल्यावरही दोन्ही आकडे तंतोतंत एकच राहिले, तर आतले संपर्क चिकटले असण्याची शक्यता आहे. अशा गाडीत एका रात्रीत दोन्ही बॅटऱ्या झोपतात.

आता यातला सापळा. स्टार्टरचा सोलेनॉइड आणि आयसोलेटरचा सोलेनॉइड बाहेरून सारखे दिसतात, बोल्टही सारखे. पण स्टार्टरचा काही सेकंदांपुरता बनवलेला असतो. त्याची कॉइल तीन-चार अँपिअर खाते आणि सतत चालू ठेवली तर तापून जळते. आयसोलेटरला ‘कंटिन्युअस ड्यूटी’ प्रकारचाच लागतो. त्याची कॉइल साधारण एक अँपिअर घेते आणि तासन्‌तास चालते. दुकानात फोटो दाखवून ‘असाच द्या’ म्हटलं की हातात स्टार्टरचा पडू शकतो, तोही स्वस्तात. हे दोन शब्द पाकिटावर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. (चालत्या आयसोलेटरला हात लावला तर तो गरम लागतो, तेवढं ठीक आहे. वास यायला लागला तर नाही.)

सारखे दिसणारे आणखी दोघे आहेत. जुन्या ई-मालिकेत फोर्डचा स्वतःचा स्टार्टर रिले बाजूच्या पत्र्यावर असाच बसलेला असतो, आणि ७.३ डिझेलमध्ये ग्लो प्लगचा (थंड डिझेल इंजिन सुरू करताना तापणारे प्लग) रिलेही त्याच घाटाचा, पण इंजिनच्या माथ्यावर. केबल स्टार्टरकडे गेली तर तो स्टार्टरचा, मागे घराकडे गेली तर आयसोलेटर.

काही गाड्यांत गोल डब्याऐवजी अॅल्युमिनिअमच्या पात्यांचा चौकोनी ठोकळा दिसतो, तीन किंवा चार बोल्टांचा, मधल्यावर ‘ए’ लिहिलेलं. तो डायोडचा आयसोलेटर. यात काही हलत नाही, त्यामुळे ‘खट्’ होणार नाही. इंजिन चालू असताना ‘ए’वरचा आकडा बाकीच्यांपेक्षा अर्धा-पाऊण व्होल्ट जास्त आला तर तो ठीक काम करतोय, ती घट त्याच्या स्वभावात आहे.

पात्यांचा ठोकळा आहे पण ‘इन’ आणि ‘आउट’ लिहिलेलं आहे आणि एखादा बारीक दिवा लुकलुकतोय? मग तो डीसी-डीसी चार्जर, आणि आधीच्या मालकाने घराकडे लिथियम बॅटरी बसवली असण्याची दाट शक्यता. असा चार्जर काढून साधा सोलेनॉइड लावण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. लिथियम बॅटरी मिळेल तेवढा प्रवाह ओढते आणि अल्टरनेटर तापून जातो.

## ८. बाकीचे नेहमीचे

छोटा पत्र्याचा चपटा डबा, दोन बोल्ट, एक तांब्याचा आणि एक चंदेरी. आपोआप जुळणारा सर्किट ब्रेकर. तांब्याचा बोल्ट बॅटरीकडे, चंदेरी पुढच्या उपकरणाकडे. वर अँपिअर लिहिलेले असतात. बदलताना तेवढ्याचाच घ्या.

काळा प्लास्टिकचा गोळा किंवा डबा, एक बारीक नळी. व्हॅक्यूमची साठवण. डॅशमधली हवा कुठून यायची ते याच्यावर चालतं. चढावर गाडी जोर लावते तेव्हा एसीची हवा तोंडावर यायची थांबून काचेकडे जाते, अशी तक्रार असेल तर या नळ्यांपैकी एखादी तडकलेली असते. दुरुस्ती फुटभर नळीची, पण निदानाला पुष्कळ पैसे मोजलेले लोक मला माहीत आहेत.

हीटरच्या रबरी नळ्यांत मध्येच टी आकाराचे जोड आणि मागे जाणाऱ्या दोन लांब नळ्या. इंजिनच्या गरम पाण्यावर घरातलं नळाचं पाणी तापवण्याची सोय, किंवा मागचा जादा हीटर. कूलंट विनाकारण कमी होत असेल तर गळती मागे पलंगाखाली शोधा.

लाल तेलाची टाकी, तिला चिकटलेली मोटर. लेव्हलिंग जॅकचा पंप. पॉवर स्टिअरिंगचं तेलही लाल असल्याने इथे घोळ होतो. पातळी नेहमी जॅक पूर्ण वर घेतलेले असताना बघायची; खाली असताना टाकी रिकामी दिसते, लोक भरतात, आणि जॅक वर घेतले की तेल बाहेर.

बंपरजवळ लोंबणारा तीन पिनांचा प्लग. इंजिन ब्लॉक हीटर, थंड राज्यांतल्या किंवा कॅनडातून आलेल्या गाड्यांत. १२० व्होल्टवर चालतो.

ब्रेकच्या जाड व्हॅक्यूम नळीत घुसवलेला जादा जोड. मागे ओढल्या जाणाऱ्या कारचे ब्रेक लावायची सोय. तुम्ही कार ओढत नसाल तर हा जोड गळत नाही ना एवढं नक्की बघा, कारण तो तुमच्याच ब्रेकच्या व्हॅक्यूमवर आहे.

ब्रेकच्या मास्टर सिलेंडरपाशी छोटा स्विच आणि त्याच्या वायरीत नंतर जोडल्यासारखा एक तुकडा. हा कुणा मालकाचा उद्योग वाटतो, पण काढू नका. तो क्रूझ कंट्रोल बंद करणारा स्विच. किल्ली काढलेली असतानाही त्यात वीज असते, आणि ब्रेक ऑइल आत झिरपून उभ्या गाड्या पेटल्याच्या घटनांमुळे फोर्डने १९९९ ते २००९ दरम्यान टप्प्याटप्प्याने १ कोटी ४० लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या. २००९ च्या टप्प्यात ई-मालिकेच्या १९९२ ते २००३ च्या गाड्या होत्या. तो जादा तुकडा म्हणजे फ्यूज असलेली वायर, म्हणजे दुरुस्ती झाल्याची खूण. तुमची गाडी त्या वर्षांतली आहे आणि असा तुकडा दिसत नाही, तर स्विचचं कनेक्टर काढून ठेवा (क्रूझ चालणार नाही, बाकी काही बिघडत नाही) आणि फोर्डच्या डीलरला व्हीआयएन देऊन विचारा. एनएचटीएसएच्या (अमेरिकेतली वाहन सुरक्षा बघणारी सरकारी संस्था) संकेतस्थळावर व्हीआयएन टाकून शोधताना १५ वर्षांहून जुनी रिकॉल सहसा दिसत नाहीत, म्हणून तिथे ‘काही नाही’ आलं तरी मॉडेल आणि वर्ष टाकून वेगळं शोधा.

## ९. जिथे फक्त बघायचं

पिवळं कनेक्टर किंवा पिवळी नळी असलेली वायर एअरबॅगची. मीटरची प्रोब तिथे घालायची नाही, कंटिन्युइटी तर अजिबात नाही. चंदेरी, शीतपेयाच्या कॅनसारखी उभी टाकी आणि तिच्या अॅल्युमिनिअमच्या नळ्या एसीच्या. आत दाबाखाली गॅस आहे आणि तो हवेत सोडणं कायद्याने बंद आहे. रेडिएटरच्या बाटलीचं झाकण गरम इंजिनवर उघडायचं नाही. पेट्रोलची नळी इंजिन बंद असतानाही दाबाखाली असू शकते.

आणि ‘काय होतं बघू’ म्हणून अनोळखी भागाची वायर काढून गाडी चालवू नका. ज्या वायरीचं काम कळलेलं नाही, ती जिथे होती तिथेच राहू द्या.

## १०. तरीही कळलं नाही, तर

घरवाल्याचा भाग असेल तर त्या कंपनीच्या ग्राहक विभागाला घराचा सीरियल नंबर आणि लांबचा व जवळचा फोटो पाठवा. विनेबागोने जुन्या मॉडेलांचे वायरिंगचे नकाशे आणि सुट्या भागांचे कॅटलॉग वर्षानुसार ऑनलाइन मोफत ठेवले आहेत. तुमची गाडी विनेबागो असेल तर फोनही करावा लागणार नाही. बाकी कंपन्यांचा अनुभव कमी-जास्त.

फोर्डचा असेल तर फोर्डची बॉडी बिल्डरांसाठीची पुस्तकं ऑनलाइन मिळतात. घर बांधणाऱ्यांनी कुठली वायर कुठे जोडायची ते त्यांत असतं. मालकाच्या मॅन्युअलपेक्षा आपल्या कामाला तीच जास्त येतात. गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड असेल तर तेही तपासा. अनेक वाचनालयं दुरुस्तीच्या मॅन्युअलचा डेटाबेस घरबसल्या फुकट वापरू देतात.

मेकॅनिककडे जायची वेळ आलीच तर भाग कुणाचा हे तुम्हाला आता माहीत आहे, म्हणून योग्य दारात जा. घरवाल्याच्या वस्तूसाठी आरव्हीचं (म्हणजे मोटरहोमसारख्या गाड्यांचं) दुकान किंवा घरी येणारा आरव्ही तंत्रज्ञ. फोर्डच्या वस्तूसाठी ट्रक आणि व्यावसायिक गाड्या बघणारा फोर्ड डीलर. कारवाला साधा डीलर गाडी बघूनच हात वर करतो, कारण पूर्ण भरलेली ई-४५० १४,००० पौंडांच्या पुढे जाऊ शकते आणि उंची दहा-अकरा फूट असते. फोन करताना पहिल्याच वाक्यात वजन, उंची आणि लांबी सांगा, आणि ‘तुमच्या दारातून आत येईल का, लिफ्ट पेलेल का’ असं विचारूनच वेळ ठरवा. तपासणीचा ताशी दर आणि किमान किती तास लावणार, हेही त्याच फोनवर लिहून घ्या.